दहाव्याला झालेलं कौतुक

आई, तुमच्या दहाव्याला सगळ्यात जास्त कौतुक माझं झालं.

नदीकाठी मांडव होता, ओळीने खुर्च्या, पुढे माइक. लग्न होऊन दापोड्याला आले तेव्हा तुमच्याकडची ही पद्धत मला फार विचित्र वाटायची. कल्याणला आमच्याकडे दहावा म्हणजे घरची चार माणसं, भटजी आणि गप्प बसणं. इथे लोक गाड्या करून येतात, महाराजांचं प्रवचन होतं, माइकवर नावं पुकारली जातात आणि ज्याला बोलायला मिळालं नाही तो वर्षभर लक्षात ठेवतो. तुम्हीच एकदा कुणाच्या तरी दहाव्याहून आल्यावर पाय धुताधुता म्हणाला होतात, "माझे दहाव्याला कोन कोन बोलनार ते आताच सांगा. मंग मी ठरवते जायचं का न्हाय."

तर सांगते. आधी गावातले एक पुढारी बोलले. हिराकाकींच्या हातची भाकरी आम्ही लहानपणी खाल्ली, एवढं एक वाक्य तुमच्यावर झालं आणि गाडी माझ्याकडे वळली. "या माउलीची सून भूकंपाची डॉक्टर आहे. परदेशातून मोठी नोकरी चालून आली होती. पण सासूचं डायलिसिस सुरू झालं आणि या मुलीने त्या नोकरीला लाथ मारली. कुठे बघायला मिळतात आज अशा सुना?" बायकांच्या रांगेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. महाराजांनाही ते आवडलं असावं. ते देहाच्या नश्वरतेवर बोलणार होते, ते राहिलं बाजूला. ज्ञान मोठं की सेवा मोठी, असं त्यांनी मांडवाला विचारलं. मांडव म्हणाला, सेवा. मी मान खाली घातली आणि सगळ्यांना वाटलं, किती विनयशील आहे.

त्या मांडवात खरं काय ते एकट्या मला माहीत होतं. नोकरी चालून वगैरे आली नव्हती. मी अर्ज केला होता, मुलाखत दिली होती आणि त्यांनी मला नापसंत केलं होतं. लाथ मारायला माझ्यासमोर काही नव्हतंच. तुमचा फोटो टेबलावर होता, सुनंदाताईंच्या लग्नातला, लेकीच्या लग्नातही तुम्ही जराशा रागावलेल्या दिसता तो. मी एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही.

आता घरातली वर्दळ कमी झाली आहे, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे लिहिणं सोपं जातंय, हेही कबूल करते.

तुम्हाला माझ्या कामातलं काय समजत होतं आणि काय नाही, याचा मला कधी पत्ता लागला नाही. खडक एकमेकांवर कसे अडकतात आणि कसे घसरतात, यावर माझी पीएचडी. तुम्ही विचारलंत तेव्हा मी जड कपाटाचं उदाहरण दिलं होतं. ढकलत राहिलं तरी हलत नाही, आणि मग एकदम धाडकन पुढे जातं, जमिनीखाली तसंच. तुम्ही म्हणालात, "म्हंजे आमचे प्रशांतसारखं. आधी ऐकत न्हाय, नि मंग एकदम पलतं." नवऱ्यावरची ही व्याख्या मी नंतर वर्गात मुलांनाही सांगितली. नाव तेवढं बदललं.

आणि ते लोणचं. प्रयोगासाठी काळ्या पाषाणातून कापून आणलेले लांबट गोल तुकडे मी खिडकीत ठेवले होते. त्यातला एक तुम्ही धुऊन, पुसून, कैरीच्या लोणच्यावर दडपण म्हणून ठेवलात. मीठ आणि तेल पिऊन तो तुकडा कामातून गेला. मी केवढी चिडले होते. माझा आवाज मागच्या गोदामापर्यंत गेला असेल. तुम्ही शांतपणे बरणीकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, "दगड हाय तो. दगडाला काम दिलं." त्यावर आपलं भांडण कधी मिटलंच नाही. तुम्ही दर उन्हाळ्यात विचारायचात, "औंदा तुझा दगड मिलंल का?" आणि मी दर उन्हाळ्यात नाही म्हणायचे. लोणचं मात्र मी खात होते.

पण मला सारखी आठवते ती दुसरीच गोष्ट. गाइडसरांच्या लॅबमधून मी एक छोटं यंत्र मागून आणलं होतं, जमिनीची हालचाल टिपणारं. डहाणूकडे बारीक धक्के बसायचे, तिथे ते लावायला न्यायचं होतं. त्याआधी गोंगाट वजा कसा करायचा हे शिकायला परसात पुरून ठेवलं. आपल्या परसात गोंगाटाला काय तोटा. मागच्या जागेवर गोदामांची लाइन, कंटेनर येतायत, जातायत. स्क्रीनवरची रेघ सुरवंटासारखी केसाळ झाली होती. तुम्ही मागे उभं राहून बघत होतात. म्हणालात, "ही अशी का थरथरते?" मी म्हटलं, गाड्यांमुळे. थोड्या वेळाने रेघ सपाट झाली. मला वाटलं यंत्र बंद पडलं. बाहेर येऊन बघते तर गल्लीच्या तोंडाशी तुम्ही हात आडवा करून उभ्या, समोर तीन कंटेनर, आणि गोदामाचा सुपरवायझर हात जोडून विचारतोय, "माताजी, गाड़ी कब तक रोकूँ?"

"जरा ठैर जा. मेरी सून जमीन की नाडी देखती हाय."

तो बिचारा खरंच थांबला. जागा तुमची, भाडेकरू तो, न थांबून सांगतो कुणाला. मला तेव्हा ओशाळल्यासारखं झालं होतं, आणि हसूही आवरत नव्हतं. माझ्या आयुष्यात माझ्या कामासाठी रस्ता अडवणारं दुसरं कुणी झालेलं नाही. माझ्या आईवडिलांनी फी भरली, सरांनी शाबासकी दिली, प्रशांतने कधी नाही म्हटलं नाही, पण उन्हात रस्त्यावर उभ्या राहिलात तुम्ही.

पीएचडी झाली तेव्हा तुम्हाला वाटलं होतं, आता संपलं. मग मी तुम्हाला पोस्टडॉक समजावून सांगितलं. पीएचडीनंतरची दोन-तीन वर्षांची संशोधनाची नोकरी, कुणाच्या तरी लॅबमध्ये, कुणाच्या तरी प्रकल्पावर. विद्यार्थी नाही आणि प्राध्यापकही नाही. तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "म्हंजे साखरपुडा झालेली पोर. म्हायेरची न्हाय नि सासरची बी न्हाय." मी सरांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठून हसले. त्यांनी स्वतः दोन देशांत असे दोन साखरपुडे काढले होते.

इकडे मी कॉलेजात तासावर शिकवत होते आणि रोज सकाळी जागांच्या जाहिराती बघत होते. जमिनीत खोल पाणी सोडल्याने, खाणींमुळे, धरणांमुळे जे बारीक भूकंप होतात, त्यांच्यावर आता सगळीकडे काम चालतं. खडकांची यांत्रिकी येणारी माणसं हवी असतात. जाहिरात वाचताना वाटायचं, ही माझ्यासाठीच लिहिली आहे. खाली मात्र बारीक अक्षरात अट असायची, पीएचडी होऊन अमुक वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावीत. मी ती तुम्हाला वाचून दाखवली ही माझी चूक. तुम्ही ती कायमची लक्षात ठेवलीत.

मुलाखतीला मला बोलावलं ते उत्तर युरोपातल्या एका विद्यापीठाने. वरच्या खोलीत लॅपटॉप लावला. तुम्ही खाली मिक्सर बंद केलात, टीव्ही बंद केलात, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलात. पोटात पाणी धरायला लागलं होतं तेव्हा तुमच्या, पाय सुजायचे, तरी तिथेच बसलात. दूधवाल्याला तुम्ही खुणेने परत पाठवलंत हे मला नंतर कळलं.

वर काय झालं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. सुरुवात बरी झाली. मग त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, तुमचे सगळे प्रयोग कोरड्या खडकांवर आहेत, आमच्याकडे भेगांमध्ये पाणी आहे, पाण्याचा दाब वाढत गेला तर तुमच्या सूत्राचं काय होईल? साधा प्रश्न होता. या विषयात पाऊल ठेवणारा पहिल्या वर्षी हे वाचतो. मी वाचलं होतं. पण माझ्या प्रबंधात मी त्या प्रकरणाला वळसा घातला होता, आणि तो वळसा त्यांना दिसला म्हणून मी गडबडले. माहीत नाही, करून बघावं लागेल, असं म्हणाले असते तरी चाललं असतं. मी आत्मविश्वासाने भलतंच ठोकून दिलं. बाई फार सभ्य होत्या. त्यांनी मला हळूच दुरुस्त केलं, आणि पुढचं सगळं माझ्या कानात शिरलंच नाही. खाली आले तेव्हा तुम्ही पायरीवरून उठताना भिंत धरलीत आणि विचारलंत, "जमलं?" मी म्हटलं, जमलं.

नकार आला तो तुमच्या हाताच्या ऑपरेशनच्या दिवशी. डायलिसिससाठी हाताची शीर तयार करतात ते. तुम्ही आत होतात, मी बाहेर बाकावर, फोनवर मेल. आमच्या प्रकल्पाशी अधिक जुळणारे उमेदवार मिळाले, तुम्हाला शुभेच्छा. मी ते परत परत वाचलं. प्रशांत चहा घेऊन आला. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "मेल आला काय त्यांचा?"

"आला."

"मग?"

आणि मी म्हटलं, "मी नाही म्हणून कळवते आहे. आईंचं हे असं असताना कशी जाऊ?"

आई, मी ते ठरवून बोलले नाही. ते वाक्य कुठून आलं मलाच कळलं नाही. पण एकदा बाहेर पडल्यावर ते किती छान बसलं. प्रशांतने चहा बाकावर ठेवला आणि तो रडला. मी त्याला तोपर्यंत रडताना पाहिलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी बघून मी सांगायला हवं होतं की थांब, असं नाहीये. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत बसले.

संध्याकाळपर्यंत ते अंबाडीला सुनंदाताईंकडे पोचलं आणि आठवडा व्हायच्या आत गावात. सुनंदाताई मला मिठी मारून म्हणाल्या, "मी पोटची असून मना जमलं नसतं." गल्लीतल्या ज्या बायका मला दगडवाली म्हणायच्या, भाकरी थापता येत नाही म्हणून हसायच्या, त्या वाटीत कालवण घेऊन यायला लागल्या. इतकी वर्षं मी या घरात पाहुण्यासारखी होते, आणि एका वाक्याने मी या गावची झाले. मला ते आवडलं. लाज वाटते लिहायला, पण खूप आवडलं. नापास झाल्याचं दुःख करायलासुद्धा मला वेळ मिळाला नाही, इतकं ते कौतुक गोड होतं.

कौतुक केलं नाही ते फक्त तुम्ही.

तुम्ही रागावलात. हाताला पट्टी तशीच, आणि मला समोर बसवून विचारलंत, "तुना कोनी सांगितलं व्हतं? मी काय तुझे पायान बेडी घातली?" मी पुटपुटले, तसं नाही आई. तुम्ही म्हणालात, "मंग कसं? लोकं बोलतान, सून चांगली. माझा जीव काय बोलतंय ते कोन इचारतंय?" दोन दिवस तुम्ही माझ्या हातचं पाणी घेतलं नाहीत. तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्ही मला शिव्या घातल्या असत्या, मग पोटभर हसला असतात, आणि त्या बाईंना मराठीत काहीतरी ऐकवलं असतंत. मला ते सगळं तेव्हाही दिसत होतं.

मग तुम्ही मागेच लागलात. डायलिसिसच्या खुर्चीत नळ्या लावलेल्या असताना सुद्धा, "दुसरी जागा निंगाली का?" सुया टोचताना तुम्ही डोळे मिटायचात, आणि उघडल्यावर पहिला प्रश्न हाच. माझं वय, माझी पीएचडीनंतरची वर्षं, तुमच्या बोटांवर होती. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना तुम्ही सांगायचात, "माझेपायी पोरीचं नुसकान झालं." त्या माझ्याकडे प्रेमाने बघायच्या आणि मी पंख्याकडे बघायची. तुम्हाला मी म्हणायची, बघते, अजून निघाली नाही. जागा निघत होत्या, आई. मी बघणं सोडून दिलं होतं. परत कुणीतरी पाण्याचं विचारेल, या भीतीने.

आणि एक दिवस तुम्ही चार साड्या आणि गोळ्यांचा डबा पिशवीत भरून बसलेल्या होतात. "मी कोन गावाला चालले बहिनीकरं. घर मोकलं ऱ्हाईल. निवांत बसून अर्ज भर."

मी नको म्हटलं. किती वेळा म्हटलं ते नाही आठवत, पण जोरात म्हटलं नाही हे आठवतंय. तुम्ही गेल्यावर दोन वेळचा पथ्याचा स्वयंपाक नव्हता, डायलिसिसच्या फेऱ्या नव्हत्या, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे तुमचा तो प्रश्न नव्हता. मला सुटल्यासारखं वाटलं. कोनला मावशींची खोली माळ्यावर, अरुंद जिना, त्यांचे स्वतःचे गुडघे गेलेले. दोन म्हाताऱ्या बहिणी रिक्षाने कल्याणला डायलिसिसला जायच्या. त्या रस्त्याचा ट्रॅफिक मला माहीत नव्हता असं थोडंच आहे. मी इकडे टेबलावर लॅपटॉप उघडून सिरियल बघत बसायची. तुमचा फोन यायचा, "किती भरलंस?" मी म्हणायची, दोन. पुढच्या फोनला तीन. पलीकडे तुम्ही मावशींना सांगताना ऐकू यायचं, "तीन भरलं."

एका वेळेला रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली आणि तुमची डायलिसिसची पाळी चुकली. तुम्ही आम्हाला कळवलं नाहीत. अर्जात अडथळा नको म्हणून. दम लागायला लागला तेव्हा मावशींनीच प्रशांतला फोन केला, आणि त्याने तुम्हाला उचलून गाडीत घातलं. घरी आलात तेव्हा चेहरा इतका सुजला होता की मी दारातच थांबले. तुम्ही म्हणालात, "झालं का सगलं भरून?"

तिथून तसंच हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, डायलिसिसच्या पेशंटचं होतं असं. कोनला चुकलेल्या त्या पाळीचा याच्याशी संबंध आहे का, हे मी विचारलं नाही. एकटी त्यांच्या केबिनमध्ये दोनदा गेले आणि दोन्ही वेळा गोळ्यांचं विचारून परत आले. शेवटी तुम्ही शुद्धीवर होतात तेव्हा माझा हात धरून म्हणालात, "आता मोकली झालीस बाय." मी म्हटलं, असं बोलू नका. तुम्ही हसलात. आपल्याच पायगुणाने एका पोरीचं नुकसान झालं आणि आता आपण जातोय तर ते भरून निघेल, अशा समाधानाने तुम्ही हसलात. माझ्याकडे तेव्हा बराच वेळ होता. नर्स येऊन गेली, प्रशांत खाली औषध आणायला गेला होता. मी तुमच्या पायांवर चादर ओढली.

दहाव्याचं सांगितलंच. तेराव्याला जेवणं झाली, माणसं गेली. मागच्या पडवीत सुनंदाताई, त्यांची कोमल आणि मी मंडपवाल्याची भांडी पुसत होतो. कोमल बी.एस्सी. झाली हे तुम्हाला माहीत होतं. पुण्याला भूभौतिकीच्या एम.एस्सी.ला तिला प्रवेश मिळालाय, हे तुम्ही गेल्यानंतर कळलं. माझं बघूनच तिने तो विषय घेतला. तिकडे अंबाडीला तिचे आजोबा अंथरुणावर आहेत. सुनंदाताईंचं म्हणणं, घरी राहून बी.एड. कर, आजोबांकडे बघ.

"मामीकरं बघ जरा," त्या कोमलला म्हणाल्या. "फारेनवाले बोलवत व्हते. तरी आईपायी घरान ऱ्हायली. नि तुना पुन्याला जायची घाई. दहाव्याचे परवचनान म्हाराज काय बोललं, ऐकलंस ना?"

कोमलने पातेलं खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं ते रागाने. "मामी, तू सोडलंस म्हणून आता सगळ्यांनीच सोडायचं का?"

मी म्हटलं, "मी सोडलं नाही."

"म्हणजे?"

"त्यांनी मला घेतलं नाही. मला मुलाखतीत उत्तर देता आलं नाही. नकार आला, आणि मी आईंचं नाव पुढे केलं."

प्रशांत दारात उभा होता. हातात भाड्याचं मोठं झाकण. त्याने विचारलं, "हॉस्पिटलात सांगितलंस तेव्हा?" मी म्हटलं, नकार त्याच्या आधीच आला होता. तो झाकण घेऊन टेम्पोकडे गेला. टेम्पोत भांडी ठेवल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

सुनंदाताई एकच ताट पुसत राहिल्या होत्या. मग म्हणाल्या, "मंग आई कोनला कशाला गेली?"

मी पुढचं ताट पुसायला घेतलं. त्यांनी परत विचारलं नाही. ताट ठेवलं, पदराने हात पुसले, कोमलला उठवलं. जाताना माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "मना नको सांगू. तिला सांग."

मी तुमच्या फोटोसमोर जाऊन बसले होते, आई. पण बाहेरच्या खोलीत कुणी ना कुणी असतंच, आणि मी तिथे बसलेली दिसले की बायकांचे डोळे भरून येतात. महिला मंडळाच्या बाई परवा आल्या होत्या, माझा सत्कार करायचाय म्हणून. मी त्यांना जे खरं ते सांगितलं. त्यांनी माझा गालगुच्चा घेतला आणि म्हणाल्या, "किती गं साधी तू, मोठेपणा घ्यायला नको." सत्काराला येणार नाही असं मी सांगितलं आहे, त्यांनी शाल आणून ठेवली आहे. प्रशांत कामापुरतं बोलतो. कोमलचा मेसेज आला, आई हो म्हणाली, पुण्याला जातेय. सुनंदाताईंचा फोन नाही, आणि मी लावायचं धाडस केलेलं नाही. जाहिराती मी परत उघडायला लागले आहे. अर्ज करीन, किंवा घाबरून परत बंद करीन. घाबरले तर घाबरले म्हणून सांगीन.

तिला सांग, म्हणाल्या. सांगते.

आई, ती नोकरी मला मिळालीच नव्हती. तुम्ही ठणठणीत असतात तरी मिळाली नसती. पाण्याचं विचारलं आणि मला सांगता आलं नाही, तेवढंच झालं होतं. तुम्ही माझ्या वाटेत कधी आला नव्हतात. कोनला जायचं काही कारण नव्हतं, आई. तुम्ही आपल्या घरात राहायला हवं होतं.